कॅलिबरवरून शिकारी ओळखायचा कसा: बंदुकीच्या जगात नव्यानं येणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी

आपल्याकडं शिकार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि त्यात नुसते वाघ-बिबटे नाहीत, हरीण, ससा, तितर, होला सगळे आले. हे सगळ्यात आधी डोक्यात घ्या आणि मग पुढं वाचा. मी हे लिहायलोय ते त्या पोरांसाठी जे लातूर-परभणी-नांदेडला बसून मोबाईलवर अमेरिकेतल्या हरणाच्या सीझनचे व्हिडिओ बघतेत, ज्यांच्या घरात आजोबाची बारा बोअर भिंतीला आहे, ज्यांनी रायफल क्लबात नुकतंच नाव घातलंय, किंवा ज्यांच्या मक्याचं रानडुकरांनी वाटोळं केलंय आणि आता लायसन्स काढावं का या विचारात आहेत.

या दुनियेत एक चेष्टा सगळीकडं चालती, जगभर चालती. माणूस कोणतं कॅलिबर वापरतो त्यावरून त्याचा स्वभाव सांगायचा. अमुक रायफलवाला बढाईखोर, तमुकवाला कंजूष, फलाणावाला सासऱ्याच्या रायफलीवर आयुष्य काढणारा. नवीन माणसाला हे काही कळत नाही, सगळे हसले की तो पण हसतो आणि घरी येऊन गूगल करत बसतो. माझं म्हणणं असंय की ही चेष्टा नीट समजून घेतली तर अर्धा अभ्यास तिच्यातच होतो, कारण प्रत्येक जोकच्या आत त्या काडतुसाचं काम, त्याचा धक्का आणि त्याचा खर्च दडलेला असतोय. आणि जो ही चेष्टा समजून घेत नाही तो इमेज बघून कॅलिबर निवडतोय, मग खांदा आणि खिसा दोन्ही सुजवून घेतोय.

पायरी १: आधी आकडा वाचायला शिका

कॅलिबर म्हणजे मोटामोटी नळीच्या आतल्या भोकाची रुंदी. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागातले बावीस, ५.६ मिलिमीटर. एअर रायफलची .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर. इथपर्यंत सोपं आहे, पण पुढं ज्यानं त्यानं मनाला येईल तसं नाव ठेवलंय. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन आर्मीनं ते काडतूस त्या साली घेतलं म्हणून. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे दारूचं वजन, ३० ग्रेन. .४५-७० मधले ७० पण तसेच, काळ्या दारूचे. ७ बाय ५७ मधला ५७ म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीची, म्हणजे केसची लांबी मिलिमीटरमधे. आणि .२७० ची गोळी मापली तर .२७७ भरतीय, आता काय करता. बारा बोअरचा हिशोब तर पारच वेगळा, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसंल ती बारा बोअर, साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळं सोळा बोअर ही बारापेक्षा बारीक असतीय, नवीन माणूस इथं हमखास उलटं बोलतोय.

गोळीचं वजन ग्रेनमधे सांगतेत आणि ते ऐकून काहीच डोळ्यापुढं येत नाही. त्याला एक सोपी युक्ती आहे. ब्रिटिशांच्या काळात ठरलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (सराफाकडं आता १० ग्रॅमचा तोळा धरतेत ते सोडा.) .३०-०६ ची नेहमीची जड गोळी १८० ग्रेनची असतीय, म्हणजे बरोबर एक तोळा. .२२ ची गोळी ४० ग्रेन, पाव तोळा पण नाही. .३१५ ची २४४ ग्रेन, सव्वा तोळ्याच्या वर. आता कुणी कॅलिबरचं नाव घेतलं की गोळीचे तोळे करून बघा, खांद्याला काय लागणार याचा अंदाज आपोआप येतोय.

पायरी २: पोलीस ठाण्यातली रांग बघा

आपल्याकडं कोणाकडं काय आहे हे बघायला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जायची गरज नाही. इलेक्शन लागलं, आचारसंहिता लागली की लायसन्सवाल्यांना बंदुका जमा करायच्या नोटिसा येतेत, आणि मग ठाण्याच्या व्हरांड्यात जी रांग लागती ती म्हणजे अख्ख्या तालुक्याचा स्वभाव एका जागी. माझी नवीन पोरांना खरंच शिफारस आहे, घरातल्या मोठ्यांबरोबर जा आणि गप उभं राहून बघा.

पुढं उभे असतेत ते बारा बोअरवाले काका. दुनळी, जुन्या चादरीत गुंडाळलेली, वर सुतळी. ही बंदूक वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेसाठी निघती आणि दुसऱ्यांदा इलेक्शनला जमा करायला. बारा बोअरवाल्याबद्दल सगळ्यात जुना समज हा की तो बोलतोय आजोबांच्या काळाचं आणि काडतुसं पण त्याच काळातली सांभाळतोय. आणि ते बऱ्याच घरात खरं असतंय. पुठ्ठ्याची जुनी काडतुसं दमट हवेनं फुगतेत, नळीत शिरत नाहीत, शिरली तर निघत नाहीत. त्यामुळं घरात असला डबा असंल तर तो घेऊन आधी लायसन्सवाल्या डीलरकडं जा, स्वतः काही करत बसू नका. नवीन काडतूस आपल्याकडं बहुतेक खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान असतंय. छर्रा कोणता हे डब्यावर बघायचं, एलजी म्हणजे मोजक्या मोठ्या गोळ्या, एसजी त्याहून बारीक, आणि ४-६ नंबर म्हणजे एकदम बारीक छर्रा.

त्याच रांगेत अजून एक बारा बोअरवाला असतोय आणि तो मला मनापासून आवडतो. रिटायर फौजी, आता बँकेत नाहीतर एटीएमच्या गाडीवर गार्ड. बूट चकाचक, बंदुकीला पट्टा, कागद प्लास्टिकच्या पाकिटात. त्याचा नंबर आला की कोणी न सांगता तो बंदूक मधून वाकवून उघडतो, दोन्ही नळ्या उजेडाकडं करून आधी स्वतः बघतो, मग हवालदाराला दाखवतो, मगच टेबलावर ठेवतो, आणि तोंड भिंतीकडं. चेष्टेत म्हणतेत की हा माणूस घरी चहाचा कप पण रिकामा आहे का दोनदा बघत असंल. पोरांनो, याच्याकडून शिका. पूर्ण लेखातलं काही लक्षात राहिलं नाही तरी याचं हे बंदूक देणं लक्षात ठेवा.

मग येतेत .३१५ वाले. हे लई अभिमानाचं कॅलिबर आहे. पोलिसांची जुनी थ्री नॉट थ्री सगळ्यांनी बघितलीय, त्याच ली-एनफिल्डच्या बोल्टवर (बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडझाक करणारा दांडा) ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनवली, कारण .३०३ हा फौजेचा बोअर, तो सामान्य माणसाला द्यायचा नाही असं इंग्रजांच्या काळापासून ठरलेलं. .३१५ वाल्याबद्दल समज असा की तो दर वाक्यात पल्ला सांगतो. 'हितून त्या बाभळीपर्यंत' म्हणून सुरू होतो आणि दरवेळी ती बाभळ थोडी लांब गेलेली असतीय. पण माणूस उदार, बोल्ट कसा चालतो विचारलं तर रिकामी रायफल उघडून पुरं समजावून सांगणार. बोल्ट वर, मागं, पुढं, खाली, चार हालचाली, आणि तो आवाज एकदा ऐकला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो हे मात्र खरंय.

.३२ वाल्याला ओळखायला रायफलीचं कव्हर लागत नाही. पांढरे कपडे, गाडी ठाण्याच्या दारातच, पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कमरेला. कॉन्ट्रॅक्टर, पुढारी, प्लॉटिंगवाले. याच्याबद्दलचा समज असा की याचं हत्यार फोटोत जास्त आणि रेंजवर कमी. मला या प्रकाराचं वाईट वाटतं, कारण छोट्या नळीचं हत्यार हे चालवायला सगळ्यात अवघड, त्याला सगळ्यात जास्त सराव लागतो, आणि ज्यांच्याकडं ते जास्त असतंय त्यातले लई जण सरावच करत नाहीत. वरातीत नाहीतर वाढदिवसाला हवेत उडवायची हौस तर मुळातच डोक्यातून काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणातच पडती.

.२२ वाला रांगेत दिसलाच तर शेवटी दिसतो, शांत, खिशात डायरी. याच्याबद्दल समज कंजूषपणाचा, म्हणजे हा एकेक गोळी मोजतो आणि प्रत्येक गोळीचं काय झालं ते लिहून ठेवतो. बरोबरच आहे की. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं ते याच .२२ नं. त्या टार्गेटचा दहा गुणांचा मधला गोल १०.४ मिलिमीटरचा असतोय, गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून त्याच्यावर मारायचं. आता याला कंजूष म्हणा नाहीतर अजून काही म्हणा.

एअर रायफलवाली पोरं रांगेत नसतेत कारण .१७७ ची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल घ्यायला लायसन्स लागत नाही. म्हणून मोठे लोक तिला खेळणं म्हणतेत, 'पोराटोरांची बंदूक' म्हणतेत. याच खेळण्यावर अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमधे सुवर्ण घेतलं. १० मीटरवरच्या त्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतोय. आणि हो, लायसन्स लागत नाही म्हणजे पाखरं मारायची परवानगी मिळाली असं नाही, होला मारला तरी तो वन्यजीव कायद्यात गुन्हाच आहे. गावाकडं हे सर्रास चालतंय आणि कोणी बोलत नाही, पण मला बघवत नाही.

पायरी ३: व्हिडिओतली मंडळी ओळखा

आता तिकडची. अमेरिकेत शिकार कायदेशीर, सीझन ठरलेला, परमिट काढायचं आणि जायचं, त्यामुळं तिथं प्रत्येक कॅलिबरची एक जात तयार झालीय.

.३०-०६ वाला म्हणजे घरातला कर्ता माणूस. त्याची रायफल वडलांची असतीय नाहीतर आजोबांची. त्याला नवीन काडतूस दाखवलं की एकच उत्तर, 'हे सगळं .३०-०६ पण करतंय.' आणि त्रास हा आहे की ते खरंय, हलक्या गोळीपासून जड गोळीपर्यंत सगळं त्याच्यात मिळतं, हरणापासून मोठ्या एल्कपर्यंत (तिकडचं सांबरासारखं थोराड हरीण) चालतं. त्याचा जन्माचा वैरी .२७० वाला. १९२५ ला विंचेस्टरनं .३०-०६ चीच केस घेऊन तिची मान बारीक केली आणि .२७० काढली. म्हणजे ही सख्ख्या भावांची भांडणं आहेत आणि शंभर वर्षं झाली तरी बांध काही सरकायला तयार नाही. .२७० वाल्याबद्दल म्हणतेत की त्याच्या शर्टाला इस्त्री असती आणि जॅक ओ'कॉनरचं नाव घेतल्याशिवाय तो जेवत नाही. ओ'कॉनर हा तिकडचा बंदुकांवर लिहिणारा मोठा माणूस, .२७० चा सगळ्यात मोठा वकील.

६.५ क्रीडमूर. याच्यावर जितके जोक आहेत तितके कशावरच नसतील. २००७ ला हॉर्नाडी कंपनीनं काढलं, टार्गेटसाठी काढलं, शिकाऱ्यांनी उचललं. समज असा की हा तरुण असतोय, दाढी कोरलेली, डोक्यावर अंबाडा, खिशात वारा मोजायचं यंत्र, फोनवर गोळी किती खाली पडंल ते सांगणारं ॲप, आणि भेटल्यापासून पाच मिनिटात तो तुम्हाला सांगणार की तो क्रीडमूर वापरतो. हसा, पण कारण पण समजून घ्या. गोळी लांब आणि सडपातळ असल्यामुळं हवा कापत जाती, वाऱ्यानं कमी ढकलली जाती, आणि धक्का .३०-०६ पेक्षा बराच कमी. नवशिक्या माणसाला हे लई सोयीचं पडतंय, म्हणून नवीन लोक त्याच्याकडं गेले, म्हणून जुने लोक चिडले. आणि या भांडणात कोपऱ्यातून एक स्वीडनचा म्हातारा हळूच म्हणतो की आम्ही ६.५ बाय ५५ वर १८९० च्या दशकापासून हेच करायलोय. त्याला कोणी उत्तर देत नाही कारण उत्तर नाहीच.

.३०८ वाला साधासरळ, फौजी वळणाचा, 'चालतंय ना, मग झालं.' आपल्या जवानांनी एसएलआरमधे (फौजेची जुनी रायफल) जो ७.६२ चा राऊंड चालवला त्याचाच हा जुळा भाऊ, त्यामुळं आपल्याकडं तो प्रोहिबिटेड बोअरमधे, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्यात जातो, त्याची स्वप्नं बघू नका. .३०-३० वाला म्हणजे लिव्हरची रायफल (ट्रिगरखालची दांडी खाली-वर करून भरायची), लाल चौकड्यांचा शर्ट, दाट जंगल, शंभर पावलाच्या पलीकडं मारतच नाही आणि मारायची गरज पण पडत नाही. .४५-७० वाला अस्वलाच्या मुलखात राहतो किंवा राहतो असं त्याला वाटतं. .३७५ एच अँड एच वाला आफ्रिकेला जाऊन आलेला असतोय किंवा गेली काही वर्षं जायलोय-जायलोय म्हणत असतोय, पण काडतूस खानदानी, १९१२ चं, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशात म्हैस-हत्तीसाठी कमीत कमी एवढं तरी पाहिजेच असा नियम.

मॅग्नमवाल्यांवर जरा थांबू. मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, जास्त जोराचं काडतूस. .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३), ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम (१९६२). यांच्याबद्दलचा समज लई टोचणारा आहे, की माणसाला काहीतरी सिद्ध करायचं असतंय म्हणून तो मॅग्नम घेतो आणि मग सीझनला तीनच गोळ्या मारतो कारण चौथी मारायला खांदा तयार नसतोय. सगळ्यांना लागू नाही हे. मोकळ्या डोंगरात लांबवर एल्क मारणाऱ्याला खरंच त्याची गरज पडती. पण ज्याला गरज नाही आणि तरी घेतलं त्याचं टार्गेट बघितलं की कळतं, छिद्रं सगळी खाली आणि एका बाजूला ओढलेली. याचं कारण पायरी ४ मधे सांगतो.

.२४३ ला तिकडं लेकराबाळांचं कॅलिबर म्हणतेत. आमचा एक आतेभाऊ उदगीरचा, विस्कॉन्सिनला नोकरीला आहे, तिथं नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा हरीण सीझन असतोय, सगळे भगव्या-नारंगी रंगाचे जॅकेट घालून जंगलात. कायदाच आहे तसा, एकमेकाला दिसावं म्हणून. ऑफिसातल्यांनी त्याला कॅम्पला नेलं आणि हातात .२४३ दिली, वर चिडवलं पण की ही माझ्या बारा वर्षांच्या पोरीची आहे. त्यानं आधी कागदावर पाच गोळ्या मारल्या, पाची एका बशीत बसतील अशा. त्याच्या शेजारी बसलेला .३०० मॅग्नमवाला बराच वेळ काही बोलला नाही. आतेभाऊ म्हणतो की धक्का नसल्यामुळं त्याला घाबरायला वेळच मिळाला नाही, गोळी सुटल्यावर सुद्धा दुर्बिणीत कागद दिसत होता.

आणि एक आपल्या देशातलं. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ ला .२७५ रिग्बी भेट मिळाली. ही .२७५ म्हणजे ७ बाय ५७ माउझरच, नाव फक्त इंग्रजी. त्या काळी साहेब लोक वाघाला मोठमोठ्या दुनळी एक्सप्रेस रायफली घेऊन जायचे आणि कॉर्बेट बऱ्याच वेळा ही हलकी रायफल घेऊन पायी जायचा. कॉर्बेटला कोणत्या साच्यात बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

पायरी ४: स्वतःचा खांदा तपासा

वरचं सगळं वाचून आपण कोण होणार हे ठरवायच्या आधी ही टेस्ट करा. क्लबात, उस्तादाच्या हाताखाली, रेंजवर. उस्ताद तुमच्या पाठीमागं उभा राहून रायफल भरतो, कधी खरा राऊंड घालतो, कधी मोकळी चेंबर (काडतूस बसायची जागा) बंद करतो, आणि तुम्हाला सांगत नाही. तुम्ही निशाणा धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, ट्रिगर हळू दाबायचा. मोकळी चेंबर असली की नुसतं टिक होतं, आणि त्या टिकच्या वेळी नळीचं तोंड काय करतं ते बघायचं. तोंड जागेवर राहिलं तर चांगलं. नवीन माणसाचं तोंड खाली डुबकी मारतंय, खांदा पुढं येतोय, डोळे मिटलेले असतेत, आणि त्याला स्वतःला यातलं काहीच कळलेलं नसतंय. धक्का यायच्या आधीच अंगानं धक्क्याशी भांडण सुरू केलेलं असतंय. मॅग्नमवाल्याची खाली ओढलेली छिद्रं ती हीच.

धक्का कशानं वाढतो? गोळी जड, दारू जास्त, वेग जास्त, आणि रायफल हलकी. म्हणून एकच काडतूस हलक्या रायफलीत जास्त मारतं. बट, म्हणजे रायफलीचा मागचा दस्ता, खांद्याच्या खोबणीत घट्ट लावायची, हसळीवर नाही, आणि गाल लाकडावर टेकवायचा. बारा बोअर नुसती हातात सैल धरून उडवल्यामुळं खांदा काळानिळा झालेले गडी मी बघितलेत आणि ते लोक मग दोन-दोन वर्षं बंदुकीला हात लावत नाहीत. कानाला मफ (आवाज अडवणारं कानाचं झाकण) पाहिजेच, .२२ ला पण पाहिजे, कान एकदा गेला की परत येत नाही.

पायरी ५: कागद

कागदाचा भाग कंटाळवाणा आहे पण थोडक्यात. लायसन्ससाठी वय २१ पूर्ण, अर्ज फॉर्म ए-१, शहरात पोलीस कमिशनर असंल तर तिकडं (आपल्याकडं छत्रपती संभाजीनगर शहराला आहे), बाकी ठिकाणी कलेक्टर ऑफिस. पोलीस चौकशी, तब्येतीचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, घरात सुरक्षित ठेवायची सोय. ज्युनिअर नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे, ती क्लबात विचारा. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, २०१९ पासून, आणि वारशानं आलेली पण त्याच दोनात धरतेत, हे देशमुखी-पाटीलकीच्या घरांनी नीट ऐका. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती हे लायसन्सवरच लिहिलेलं असतंय. एजंट गाठून 'लवकर करून देतो' प्रकारात पडू नका.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण डुकरांचा आणि रोह्यांचा त्रास काय असतो ते मला माहीत आहे, भुईमूग एका रात्रीत उकरून टाकतेत, हरभऱ्यात रोह्यांचा कळप शिरला की सकाळी बघवत नाही. लायसन्स असलं म्हणजे डुकराला मारायची मुभा मिळाली असं होत नाही. त्याला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागती, वनखात्याच्या रेंज ऑफिसरकडं (वनपरिक्षेत्र अधिकारी) अर्ज करायचा, परवानगीत जे जनावर, जे शेत लिहिलंय तेवढंच, आणि मेलेलं जनावर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं. आणि नुकसानभरपाईचा अर्ज पण त्याच वेळी टाका, लई लोक ते टाकतच नाहीत. विजेच्या तारा आणि गावठी बॉम्ब तर कधीच नाही, त्यानं डुकराआधी राखणदार मरतो.

पायरी ६: तुमचं कॅलिबर

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष .१७७ एअर रायफल, १० मीटर, दुसरं काही नाही. घराच्या माळवदावर नाही, रेंजवर. मग .२२. त्याच्या पुढं किती जणांना खरंच जायची गरज पडती याचा प्रामाणिक विचार करा, कारण .२२ ची गोळी पाव तोळ्याच्या आतली असली तरी दीड मैलापर्यंत जाऊ शकती असा इशारा तिच्या डब्यावर असतोय, आणि आपल्या सपाट रानात दीड मैलात दोन वस्त्या आणि एक शाळा येती. पीक राखायचं असंल आणि रीतसर परवानगी असंल तर बारा बोअर पुरती, छर्रा लांब जात नाही आणि तेच आपल्याकडं चांगलं. .३१५ किंवा .३०-०६ घरात वारशानं आली असंल तर सांभाळा, तेल-पाणी करा, बोल्ट काढून वेगळा ठेवा. पण नवीन घ्यायची म्हणून कर्ज काढू नका.

कोणी विचारलं कोणतं कॅलिबर, तर सरळ सांगा .१७७. हसतील. तुम्ही त्यांना मागच्या आठवड्याचा टार्गेटचा कागद दाखवा.

पहिल्या दिवशी रेंजवर जाताना बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानाला मफ, चष्मा, आणि एक वही घेऊन जा. नळीचं तोंड कायम टार्गेटकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर, उस्ताद म्हणल्याशिवाय भरायची नाही, आणि कोणी कागद बदलायला पुढं गेलं की बंदुकीला हात लावायचाच नाही. वहीत तारीख, किती गोळ्या, वारा कसा होता, कोणत्या गोळीला डोळा मिटला ते लिहायचं. टार्गेटचे कागद फेकू नका, तारीख टाकून फाईलला लावत जा, पुढच्या खेपेला काय दुरुस्त करायचं ते उस्तादाला त्या कागदांवरूनच कळतंय.